रिबिल्ड केलेल्या रोटरी इंजिनात तेल पोहोचतंय का? पहिल्या स्टार्टआधीपासून दीड हजार किलोमीटरपर्यंतची तपासणी

रिबिल्ड करून बसवलेलं इंजिन हजार किलोमीटर चाललं आणि डिपस्टिकवरची पातळी जराही उतरली नाही, तर पिस्टनच्या गाडीचा मालक खूश होईल. रोटरीवाल्याने मात्र लगेच गाडी बाजूला लावावी आणि बॉनेट उघडावं. या इंजिनाने तेल खाल्लंच पाहिजे, त्याची रचनाच तशी आहे. ते खात नसेल, तर पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, भोवतीच्या हाऊसिंगवर कोरड्या घासत आहेत असा बहुधा त्याचा अर्थ, आणि रिबिल्डचा सगळा खर्च तिथेच झिजून जातोय.

हे मी नुकसान सोसून शिकलो. मेलबर्नला माझ्याकडे १९८७ ची माझदा आरएक्स-७ आहे, एफसी पिढीतली, बिनटर्बोची, १३बी इंजिनाची. पहिलं रिबिल्ड बाहेरून करून घेतलं. अकराशे किलोमीटर झाले आणि गरम असताना गाडी स्टार्ट होईना. इंजिन उघडलं तर पुढचं हाऊसिंग आरशासारखं चकचकीत आणि मागचं राखाडी, खरखरीत. मागच्या रोटरकडे तेल नेणारी प्लॅस्टिकची नळी पंपाच्या टोकाशी चिरली होती. बारा-पंधरा मिनिटांच्या तपासणीत ती सापडली असती. दुसऱ्या वेळी सगळं स्वतः केलं, आणि ही पद्धत तेव्हापासून मी वापरतो. पुढचं वर्णन मुख्यतः १९८६ ते १९८८ च्या मेकॅनिकल पंपाच्या एफसीचं आहे. त्यानंतरच्या एफसी आणि आरएक्स-८ या माझदाच्याच नंतरच्या रोटरी गाडीत काय बदलतं तेही पुढे सांगितलं आहे.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा: तेलाच्या वाटा दोन आहेत

पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरची भिंत खालून उघडी असते. क्रँक फिरताना तेल वर उडतं आणि रिंगा ते पुसून परत खाली आणतात. रोटरीत एपेक्स सीलची गाठ तेलाच्या चेंबरशी कधी पडतच नाही. तो सतत इंधन, आग आणि धूर यांच्याच बाजूला फिरत असतो. त्याच्यापर्यंत तेल पोहोचवायचं तर ते ज्वलनकक्षात मुद्दाम टाकावं लागतं, आणि टाकलेलं तेल जळूनच जातं.

म्हणून पहिली वाट दाबाच्या तेलाची. चेंबरमधून साखळीवर चालणारा पंप तेल ओढतो. ते कूलर आणि फिल्टरमधून बेअरिंगांना जातं, क्रँकच्या जागी असलेल्या एक्सेंट्रिक शाफ्टच्या आतून रोटरच्या पोटात फवारलं जातं आणि परत चेंबरमध्ये येतं. माझदाच्या रोटरीत रोटर आतून थंड ठेवण्याचं काम हेच तेल करतं, त्यामुळे ऑइल कूलर ही इथे चैनीची वस्तू नाही. दुसरी वाट मीटरिंग ऑइल पंपाची. फ्रंट कव्हरवर बसलेला हा छोटा पंप चेंबरमधलंच तेल थेंबाथेंबाने मोजून नोझलकडे पाठवतो. १९८६-८८ च्या एफसीत चार नोझल आहेत: दोन रोटर हाऊसिंगमध्ये, दोन इनटेक मॅनिफोल्डमध्ये.

डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा फक्त पहिल्या वाटेबद्दल सांगतो. दुसरी वाट पूर्ण बंद पडली तरी तो काटा उत्तमच दिसेल. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

इंजिन स्टँडवर असतानाच करायची कामं

इंजिन गाडीत गेलं की नोझलपर्यंत हात पोहोचवणं फार अवघड होतं, म्हणून हे टप्पे आधी उरकून घ्या.

नळ्यांपासून सुरुवात करा. मूळ नळ्या अर्धपारदर्शक कडक प्लॅस्टिकच्या असतात. तीसेक वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून त्या पिवळ्या आणि ठिसूळ होतात. हलक्या हाताने वाकवून बघा. कटकट आवाज आला किंवा टोकाशी पांढरी रेघ दिसली, की चारही नळ्या बदला. एकच बदलून भागवू नका, कारण चौघींचं वय सारखंच आहे. नवी नळी तेल आणि उष्णता सोसणारी हवी, आणि जमल्यास पारदर्शक हवी, कारण पुढच्या तपासणीत आतले बुडबुडे बघायचे आहेत. पंपाकडच्या बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर एकदा दाबले गेले की परत नीट बसत नाहीत, तेही नवे घाला. नोझलखालचे वॉशरही तसेच.

मग नोझल. प्रत्येकात एकाच दिशेने उघडणारा बारीक व्हॉल्व्ह असतो, आणि हवा आत घेणारं एक वेगळं तोंड असतं. त्या हवेमुळे इंजिनाचा व्हॅक्यूम नळीतलं तेल ओढून घेत नाही. नोझल कार्ब क्लीनरने धुऊन वाळवा. हवेचं तोंड बोटाने बंद करा आणि तेलाच्या बाजूने नळी लावून जोर देऊन फुंका: हवा टोकातून बाहेर यायला हवी. आता उलट, टोकाकडून फुंका: तेलाच्या बाजूला काहीही येता कामा नये. उलटी हवा येणारं नोझल परत एकदा धुवा, तरीही आली तर फेकून द्या. असं नोझल आतला धूर आणि कार्बन नळीत ढकलतं आणि तेलाचा प्रवाह अडवतं. हवेच्या तोंडाची रबरी नळीही नवीच घाला. ती चिरली तर धूळ थेट रोटरवर जाते.

फ्रंट कव्हर बसवताना तेलाच्या मार्गावरच्या ओ-रिंगकडे विशेष लक्ष द्या. पुढची आयर्न प्लेट आणि कव्हर यांच्यामधली ही छोटी रिंग जागेवरून घसरली किंवा चिमटली, तर दाबाचं तेल तिथूनच चेंबरमध्ये परत जातं आणि गरम इंजिनाचा दाब पडतो. रिबिल्डनंतरच्या कमी दाबाचं हे सर्वात चुकवणारं कारण आहे, कारण बाहेर तेलाचा एक थेंबही दिसत नाही. रिंग नवी घ्या, पेट्रोलियम जेलीच्या पातळ थराने जागेवर चिकटवा, आणि कव्हर सरळ आत ढकला, तिरकं सरकवू नका.

ऑइल पंप जुनाच वापरणार असाल तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. आतल्या आणि बाहेरच्या रोटरच्या दातांमधली फट ०.१५ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर पंप बदला. बसवण्याआधी पंपात थोडी पेट्रोलियम जेली भरली तर तो पहिल्याच फेऱ्यांत तेल पकडतो.

पुढचा बोल्ट आवळून झाल्यावर डायल गेजने एक्सेंट्रिक शाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल मोजा. ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर हवी, ०.०९ ही शेवटची हद्द. अजिबात हालचाल नसेल तर पुढचं नीडल बेअरिंग स्पेसरच्या कडेवर चिमटलं आहे. इंजिन तसंच चालवलं तर त्या बेअरिंगचा चुरा याच तेलातून सगळीकडे फिरेल.

नळ्या हाताने भरा

नव्या नळ्या रिकाम्या असतात. आयडलला हा पंप इतकं कमी तेल देतो की पंपापासून नोझलपर्यंतचं अंतर कापायला त्याला बराच वेळ लागतो, आणि नव्या सीलच्या आयुष्यातला तोच सर्वात नाजूक वेळ असतो. औषधांच्या दुकानातली पाच मिलिलिटरची सिरिंज घ्या, इंजिनात घालणार तेच तेल तिच्यात भरा, आणि नळी पंपाच्या टोकाशी जोडण्याआधी नोझलकडून हळूहळू भरत या. नळीत बुडबुडा उरला नाही की बँजो बोल्ट आवळा.

पहिला स्टार्ट: आधी दाब, मग ठिणगी

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. फिल्टरजवळचा सेंडर (दाबाचा सेन्सर) काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. तिथले आटे १/८ बीएसपीटी या ब्रिटिश मापाचे आहेत. अमेरिकी १/८ एनपीटी फिटिंग दोन-तीन आटे सहज जातं आणि मग आयर्न प्लेटचे आटे खातं, तेव्हा योग्य फिटिंग आणल्याशिवाय हात लावू नका.

तेल साधं मिनरल घ्या. एफसीला मेलबर्नच्या हवेत मी २०डब्ल्यू-५० घालतो. जळणारं तेल मागे कमी राख ठेवणारं असावं, म्हणून रोटरीत मिनरलची शिफारस होत आली. रिबिल्डनंतर पहिले काही हजार किलोमीटर तर मी दुसरं काही घालणार नाही. डिपस्टिकवर पूर्ण भरलेलं दिसलं तरी इंजिन फिरल्यावर पातळी उतरेल, कारण कूलर आणि त्याच्या नळ्या रिकाम्या आहेत. म्हणून एक लिटर जास्तीचं हाताशी ठेवा.

क्रँक अँगल सेन्सरची जोडणी काढा आणि इंधन बंद करा. इंजेक्टर चालू ठेवून नुसतं क्रँक करत राहिलात तर पेट्रोल हाऊसिंगवरचं सगळं तेल धुऊन काढतं. दहा सेकंद स्टार्टर, मग अर्धा मिनिट विश्रांती. गेजचा काटा ठाम वर चढेपर्यंत हे करा. सात-आठ वेळा करूनही काटा हलला नाही, तर थांबा आणि पंपाने तेल का पकडलं नाही ते शोधा. काटा शून्यावर असताना ‘सुरू झाल्यावर येईल दाब’ असं म्हणून ठिणगी देऊ नका.

दाब आला की इंजिन सुरू करा. पहिली वीस-तीस मिनिटं भरपूर धूर येतो. जोडताना लावलेली जेली आणि तेल जळत असतं, घाबरायचं कारण नाही. गॅरेजचं दार मात्र पूर्ण उघडं ठेवा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ३००० आरपीएमला ६० ते ७५ पीएसआय दाब मिळाला तर पहिली वाट चांगली आहे. गरम आयडलला १५ च्या खाली जात असेल तर आधी गेजचं फिटिंग तपासा, मग फ्रंट कव्हरची ओ-रिंग, प्रेशर रेग्युलेटर, आणि शाफ्टच्या पुढच्या टोकातला उष्णतेवर चालणारा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर गरम झाल्यावर दाब पडतो. बरेच रिबिल्डर त्याच्या जागी घट्ट प्लग बसवतात, आणि माझंही मत तेच आहे.

मीटरिंग पंपाची खरी परीक्षा

आता मुख्य काम. यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

आधी इंजिन बंद ठेवून लिव्हर बघा. थ्रॉटलपासून एक सळई खाली पंपाच्या लिव्हरपर्यंत येते. थ्रॉटल बंद असताना लिव्हर आपल्या अडणीवर टेकलेला हवा. एकाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा: थ्रॉटल हलायला लागताच लिव्हरही हलायला हवा आणि शेवटपर्यंत जायला हवा. मध्येच थांबत असेल तर सळईची लांबी चुकली आहे, किंवा मॅनिफोल्ड बसवताना ती वाकली आहे. रिबिल्डमध्ये ही सळई जोडायची राहून गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा पंप आयडलच्या मापानेच तेल देत राहतो आणि हायवेवर सील उपाशी राहतात.

मग बुडबुड्याची चाचणी. इंजिन गरम, आयडलवर. पारदर्शक नळीवर टॉर्च धरा आणि आत एखादा बारीक बुडबुडा दिसला की त्याच्या जागेवर मार्करने खूण करा. तो नोझलच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकेल. हाताने लिव्हर वर उचलून धरलात की त्याचा वेग स्पष्ट वाढला पाहिजे. बुडबुडा जागचा हलत नसेल तर त्या नळीचा मार्ग बंद आहे. पुढेमागे झुलत असेल, तर नोझलचा व्हॉल्व्ह गेला आहे. चारही नळ्यांवर हे करा आणि वहीत लिहून ठेवा.

यानंतर मोजमाप. हे करण्याआधी टाकीत टू-स्ट्रोक तेल मिसळलेलं असलंच पाहिजे, कारण चाचणीच्या वेळी पंपाचं तेल इंजिनाला मिळणार नाही.

नळ्या नोझलकडून सोडवा. उघड्या नोझलना टोप्या घाला, नाहीतर तिथून हवा शिरून आयडल बिघडेल. प्रत्येक नळीचं टोक एकेका तीन मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सोडा. सिरिंजचा दट्ट्या काढायचा, खालचं तोंड मेणाने बंद करायचं आणि ती तारेने बांधून टांगायची. असा मोजमापाचा ग्लास पाच-दहा रुपयांत होतो आणि त्यावर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात. गरम इंजिन २००० आरपीएमवर धरा, नळीच्या टोकाला तेल आल्यावर घड्याळ सुरू करा, आणि तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं होईपर्यंत थांबा. आकडा काही मिलिलिटरचाच असतो, त्यामुळे घाईने बघून चालत नाही. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे तो बदलतो, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा धरू नका.

एकूण आकड्याहून मला महत्त्वाची वाटते ती नळ्यांमधली तुलना. एकाच प्रकारच्या दोन नळ्या, म्हणजे दोन्ही हाऊसिंगच्या किंवा दोन्ही मॅनिफोल्डच्या, जवळजवळ सारखं भरल्या पाहिजेत. एक भरली आणि दुसरी अर्धीच राहिली तर बँजो बोल्टचं छिद्र तपासा. गॅस्केट सीलरचा एक कण तिथे अडकलेला मला मिळाला होता. सगळ्याच कमी भरत असतील तर लिव्हरचा स्क्रू थोडा फिरवून परत मोजा. लिव्हर उचलल्यावरही फरक पडला नाही तर पंपच बदलायचा. नव्या इंजिनावर थोडं जास्त तेल गेलं तर प्लग काळे होतील, ते पुसता येतात. कमी गेलं तर हाऊसिंग जाईल.

१९८९ नंतरची एफसी, आणि आरएक्स-८

१९८९ पासून एफसीत सळई गेली आणि पंपावर स्टेपर मोटर आली. प्रमाण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. इथे पंप जागेवर पोहोचला नाही हे पोझिशन सेन्सरला कळलं तर गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन जपण्याच्या अवस्थेत, जाते आणि इंजिन जास्त आरपीएमला फिरत नाही. म्हणून रिबिल्डनंतर आरपीएम अडकत असेल तर इंधनाच्या मागे लागण्याआधी पंपाची जोडणी बघा. ईसीयूला नळी फुटलेली किंवा नोझल तुंबलेलं मात्र दिसत नाही, त्यामुळे बुडबुड्याची चाचणी इथेही हवीच.

आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात सुरुवातीला प्रत्येक हाऊसिंगला दोन नोझल होते. २००९ च्या मॉडेलपासून ते तीन झाले, तिसरं मध्यभागी, आणि तेल पाठवायला इलेक्ट्रिक पंप आले. जुन्या मांडणीत सीलच्या मध्याला तेल कमी मिळत होतं, हे माझदाने त्या बदलातून जणू मान्यच केलं. म्हणून २००८ पर्यंतची आरएक्स-८ असेल, तर पंप उत्तम चालत असला तरी टाकीत तेल मिसळत राहा, हा माझा आग्रह आहे.

टाकीत किती तेल मिसळायचं

चेतक किंवा प्रिया स्कूटर ज्यांच्या घरी होती त्यांना पेट्रोलपंपावर ‘टूटी’ मागितल्याचं आठवत असेल. तिथे लिटरला वीस मिलिलिटर पडायचं. रोटरीला इतकं नको. मीटरिंग पंप चालू असताना लिटरला चार मिलिलिटर पुरतं, म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीला २०० मिलिलिटर. पहिल्या दोन टाक्यांना आणि मोजमापाच्या दिवशी मी ते दुप्पट, लिटरला आठ मिलिलिटर ठेवतो. तेल कमी धुराचं, जेएएसओ एफडी दर्जाचं घ्या. आधी तेल ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं.

पंप काढून टाकून फक्त मिसळीवर गाडी चालवणारे बरेच आहेत. रेसच्या गाडीला ते ठीक आहे. रोजच्या गाडीत एका दिवशी बाटली घरी विसरली की संपलं, म्हणून मी पंप ठेवतो. मधला मार्गही आहे: एक अडॅप्टर बसवला तर पंप चेंबरऐवजी वेगळ्या छोट्या टाकीतून शुद्ध टू-स्ट्रोक तेल ओढतो. जळण्यासाठीच बनवलेलं तेल जळतं आणि चेंबरचं तेल स्वच्छ राहतं. ती टाकी रिकामी होऊ न देण्याची जबाबदारी मात्र तुमची.

पहिले दीड हजार किलोमीटर: वही ठेवा

दर २०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. पातळी, किलोमीटर आणि घातलेलं तेल लिहा. ठाकठीक पंपाची गाडी साधारण दीड ते चार हजार किलोमीटरला एक लिटर खाते, चालवण्याच्या सवयीप्रमाणे. पातळी हळूहळू आणि एकसारखी उतरत असेल तर सगळं ठीक चाललंय.

पातळी स्थिर असेल तर डिपस्टिकचा वास घ्या. ट्यूनिंग रिच असलं किंवा गाडी सारखी फ्लड होत असली, तर पेट्रोल तेलात उतरतं आणि जळालेल्या तेलाची जागा भरून काढतं. पातळी छान दिसते आणि तेल पातळ होत जातं. पेट्रोलचा वास येत असेल तर तेल लगेच बदला आणि इंधनाचं काम आधी करा. वास नाही आणि पातळीही उतरत नाही, तर सरळ बुडबुड्याच्या चाचणीकडे परत जा.

उलट पातळी भराभर उतरत असेल तर धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळ्या धुराचा लोट सोडला आणि मग धूर थांबला, तर रोटरच्या बाजूंच्या ऑइल कंट्रोल रिंगा किंवा त्यांच्या ओ-रिंगा गळत आहेत. मीटरिंग पंपाचं तेल इतकं थोडं असतं की असा लोट त्यातून येऊच शकत नाही. पंप कमी करून हा धूर थांबवायचा प्रयत्न कृपया करू नका. गळती तशीच राहते आणि सील मात्र उपाशी मरतात. थंडीत तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर एकट्या त्यावरून कूलंट सील गेलं असं ठरवू नका, रोटरीच्या उंच फिलर नळीत बाष्प जमतंच. कूलंटची पातळी सोबत बघा.

पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढा, फिल्टर कापून उघडा आणि कागदाच्या घड्या चुंबकाने तपासा. बारीक राखाडी पूड चालेल. नखावर टोचणारा कण चालणार नाही.

हजार किलोमीटरनंतर चारही प्लग काढून बोअरस्कोप आत सोडा. साठ एक डॉलरचा मोबाइलला जोडायचा कॅमेरा पुरतो. इंजिन हाताने फिरवत हाऊसिंगची क्रोमची भिंत बघा: तिच्यावर ओलसर चमक हवी, आणि पुढच्या-मागच्या रोटरची सारखी हवी. एका बाजूची भिंत मळकट, कोरडी दिसली तर त्या रोटरची नळी परत मोजा. आडव्या लाटांसारखे ओरखडे दिसले तर काम गंभीर आहे. १९६० च्या दशकात हिरोशिमात माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या चमूला याच ओरखड्यांनी छळलं होतं. ते त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. कार्बन आणि अॅल्युमिनियमचे सील बनवल्यावरच माझदाची पहिली रोटरी गाडी, १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट, रस्त्यावर येऊ शकली. तुमच्या हाऊसिंगवर कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणाऱ्या लाटा असतील तर गाडी चालवणं थांबवा. नुसता मळकटपणा असेल, तर नळी दुरुस्त करा, मिसळ दुप्पट ठेवा आणि पाचशे किलोमीटरनंतर त्याच जागेचा फोटो परत काढून आधीच्या फोटोशेजारी ठेवा.